कागदाचा निळा डगला

डोंगराच्या अगदी टोकावर, जिथे ढग पायरीवर येऊन बसतात आणि हाकलले तरी उठत नाहीत, तिथे कारवीमाथा नावाचं गाव होतं. त्या गावात सात वर्षांची लान राहायची. केस काळेभोर, डोळे चिमुकले, हात थंडीने उललेले, आणि खालचा पुढचा एक दात हलत असलेला.

लानला आई नव्हती. दोन वर्षांपूर्वी थंडीतापाने ती गेली. गावाने तिला आपल्या मसणवटीत जागा दिली नाही, म्हणून बाबाने तिला पलीकडच्या रानात, कारवीच्या झुडपांत पुरलं.

बाबाचं नाव वेनशान. पण इतक्या वर्षांत गावातल्या एकानेही त्याला नाव विचारलं नव्हतं. तो समुद्रापलीकडच्या चीन देशातून आलेला, म्हणून सगळे त्याला चिना म्हणायचे. बाबा दात बसवायचा. चिनीमातीचे शुभ्र, मोगऱ्याच्या कळ्यांसारखे इवले इवले दात घडवून तो त्यांची कवळी करायचा. गावातली म्हातारी माणसं भाकरी दुधात कुस्करून गिळत होती, ती आता कणसं सोलून खायला लागली.

आणि त्याच दातांनी ती काय काय बोलायची! चिना साप खातो. त्याच्या देशात ऊन पडत नाही, म्हणून तिथली माणसं पिवळी. सगळ्यांचे चेहरे इतके सारखे, की आया आपल्या लेकरांच्या पायाला दोरा बांधून ठेवतात. त्यांना मायाच नसते, म्हणून ते रडत नाहीत. हे कोणी पाहिलं होतं? कोणीच नाही. पण बोलायला पाहावं लागतं थोडंच.

लानच्या बाबाच्या देशात एक रीत होती. थंडी पडायच्या आत मेलेल्या माणसाला उबदार कपडे पाठवायचे. कपडे कागदाचे करायचे आणि जाळायचे. धूर होऊन ते जिथे जायचे तिथे जातात. त्या वर्षी बाबाने निळ्या कागदाचा वीतभर डगला केला. लांब बाह्या, उभी कॉलर, पाच गुंड्या, आणि आत सावरीचा मऊ मऊ कापूस. लानने गुंड्यांवर आणि बाह्यांवर सोनेरी ठिपके काढले. मग दोघं रानात गेली. बाबाने आईच्या मातीवरचं गवत हातांनी उपटलं, जागा झाडली आणि डगला पेटवला.

दूर टेकाडावरून हैबती म्हातारा हे बघत होता. गावात येईस्तोवर त्याच्या तोंडात त्याचं वेगळंच झालं.

"चिना मढी उकरतो," तो म्हणाला. "मढ्यांचे दात काढतो. तेच आपल्या तोंडात बसवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीबा पाटलाने चौकात कवळी थुंकली. त्याचं बघून हैबतीने थुंकली. मग सगळ्या म्हाताऱ्यांनी. दुपारपर्यंत बाबाच्या दुकानाचं दार मोडलं होतं आणि आतले मोगऱ्याच्या कळ्यांसारखे दात रस्त्यावर पायांखाली कुरकुर वाजत होते. बाबा ते वेचायला वाकला, तेव्हा कोणीतरी त्याच्या उजव्या हातावर टाच दिली. ज्या हाताने तो दात घडवायचा, त्याच हातावर.

त्याला चावडीत कोंडलं. उद्या सकाळी पंच बसणार आणि बापलेकीला घाटाखाली हाकलून देणार, परत न येण्यासाठी.

लान धावत रानात गेली. आईजवळ बसली. घाटाखाली गेल्यावर इथलं गवत कोण काढणार? पुढच्या थंडीत डगला कोण पाठवणार? तिला आणखी काहीच सुचत नव्हतं.

तेवढ्यात तिला कारवीच्या काटकीत अडकलेला एक कागद दिसला. डगल्याची एक बाही, न जळता उडालेली. निळी, सोनेरी ठिपक्याची. तिने ती छातीशी धरली. ही आपण ठेवून घ्यायची, तिने ठरवलं. आईची तेवढीच खूण.

"थंडी..." कोणीतरी म्हणालं.

कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. ते फुलायचं वर्ष होतं, पण बहर सरत आला होता. सगळ्या झुडपावर एकच फूल उरलं होतं, आणि त्या फुलात होती परी. अंगठ्याएवढीशी. पंख जांभळे-निळे, नखाएवढे, कडेला दवाची झालर. पण झालर गोठली होती आणि परी थरथरत होती.

लानने हातातल्या बाहीकडे पाहिलं. मग परीकडे पाहिलं. मग बाही परीभोवती गुंडाळली, अलगद, पंख न चुरगाळता.

"ही कोणाची?" परीने विचारलं.

"माझ्या आईची. पण ती रागावणार नाही. तिला थंडी म्हणजे काय ते माहीत आहे."

परीच्या पंखांत हळूच उजेड आला. आधी जांभळा, मग मोरपंखी, मग पिकल्या पेरूच्या गरासारखा गुलाबी. "लान," ती म्हणाली, "तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन. पण ऐक. मेलेल्याला मी परत आणू शकत नाही. कोणाच्या मनात हात घालू शकत नाही, मन ही दुसऱ्याच्या घराची आतली खोली, तिथे मला येऊ देत नाहीत. आणि तिसरी इच्छा खरी झाली की मी गेले. सात वर्षं मग हाक मारू नकोस."

"बाबाला सोडव."

"कुलूप उघडीन. पण मग काठ्या घेऊन तुमच्यामागे धावतील. कुठे पळाल?"

पळायचं नव्हतंच. लानने खूप विचार केला. "माझा चेहरा त्यांच्यासारखा कर," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे ते माझं ऐकतील."

 परीने लानच्या कपाळाला पंख लावला आणि बाहीसकट तिच्या वेणीत जाऊन बसली.

दिवस कलताना लान पाटलाच्या अंगणात उभी राहिली. पाटलाची आई, तान्हाक्का, तोंडाचं बोळकं घेऊन ओसरीवर बसली होती. मऊ भात तेवढा तिला चालत होता. बोबड्या तोंडाने ती म्हणाली, "कोणाची गं तू? किती गोड मुखडा. ये, बस माझ्यापाशी."

त्या ओसरीवर लानला आजवर कोणी चढू दिलं नव्हतं. आता तिच्या हातावर गूळ-खोबरं आलं, गालावरून हात फिरला.

"आज्जी," लान म्हणाली, "तो दातवाला मढी उकरत नव्हता. बायकोला कपडे पाठवत होता."

"तुला काय ठाऊक, बाय? लहान तू. त्यांना बायको कसली न् काय कसली. त्यांच्या देशात मुली टोपलीत घालून नदीत सोडतात. त्याची ती पोरगी बघितलीस? भुतासारखी टकामका बघते. डोळाच नाही तिला, नुसती चीर."

"तुम्ही तिला जवळून बघितलंय?"

"जवळ कशाला जाऊ मी तिच्या?" तान्हाक्का म्हणाली आणि लानच्या केसांवरून मायेने हात फिरवत राहिली. "खा गं, खा. किती वाळलीस."

लानने गूळ-खोबरं तसंच ओसरीवर ठेवलं. चेहरा त्यांच्यासारखा झाला, म्हणून त्यांनी लाड केले. ऐकलं मात्र काहीच नाही.

ती चावडीच्या गजांपाशी गेली. आत बाबा भिंतीला टेकून बसला होता, ठेचलेला हात मांडीवर घेऊन.

"बाबा."

बाबाने पाहिलं. डोळ्यांत ओळख नव्हती. तो नम्रपणे म्हणाला, "बाळ, घरी जा. इथे थांबलीस तर तुला रागावतील." मग जरा थांबून, "माझी मुलगी दिसली का तुला कुठे? एवढी आहे. तिचा दात हलतोय. तिला सांगशील, बाबाला फार लागलेलं नाही?"

लानने वेणी मुठीत धरली. "माझा चेहरा परत दे," ती पुटपुटली. "आत्ता. लवकर."

गार वाऱ्याची एक झुळूक आली, आणि बाबाने गजांतून डावा हात बाहेर काढून तिचा गाल धरला. दोघंही रडली. चिनी माणसं रडत नाहीत म्हणणारं तिथे कोणी असायला हवं होतं.

"बाबा, तुमच्या देशात ऊन पडत नाही?"

"पडतं की. माझी आई अंगणात दोरीवर मुळ्याच्या चकत्या वाळत घालायची. बदकं त्या पळवायची. आई काठी घेऊन मागे. चिखल होता, बदकं होती, आई होती. असा आहे माझा देश." तो किंचित हसला. "मी इकडे यायला निघालो, तर तिने माझे पाय धरले. म्हणाली, जाऊ नकोस, तिथली माणसं जिवंत नाग गळ्यात घालून झोपतात. शेजारणीने सांगितलं होतं तिला."

"मग?"

"मग काय? पहिले सहा महिने मी कोणाच्या घरी झोपलो नाही. कानांनी बघायची खोड आमच्याकडेही आहे, लान."

लान गजांना डोकं टेकून विचार करत राहिली. परीला मनात हात घालता येत नाही. पण दात म्हणजे मन नव्हे. दात तर बाबाने केलेले.

"परी," ती हळूच म्हणाली, "बाबाने केलेल्या दातांनी डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच बोलता येऊ दे. बाकी काही नको."

"एवढंच? त्यांना शिक्षा नको?"

लानने बाबाच्या बोटांकडे पाहिलं. ती सुजून काळीनिळी झाली होती. शिक्षा तिच्या ओठांपर्यंत आली होती, खोटं कशाला सांगू. तिने ती गिळली. "नको. आम्हाला इथेच राहायचंय. आईजवळ."

सकाळी चौकात, चावडीच्या गजांसमोर, पंच बसले. दाजीबा पाटील छाती काढून उभा राहिला आणि गरजला, "फिन्या, फाव फोडून फा!"

मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पाटील लाल झाला. दुसऱ्यांदा ओरडला, तर थुंकी उडाली आणि हसणं वाढलं. शेवटी त्याने धुळीतली आपली कवळी उचलली, तांब्याभर पाण्याने खळखळ धुतली आणि तोंडात बसवली. बाकीच्यांनीही आपापली शोधली. न्यायनिवाडा बोळक्याने होत नाही.

"हैबती," पाटील म्हणाला, "सांग सगळ्यांना. काय पाहिलंस?"

हैबतीने तोंड उघडलं. मढी हा शब्द जिभेवर आला आणि दातांनी तो येऊ दिला नाही. "मी पाहिलं," तो म्हणाला, "की तो गवत काढत होता. हातांनी. मग त्याने जागा झाडली. कागदाचा एक डगला जाळला. आणि... आणि तो रडत होता. पोरगी त्याचे डोळे पुसत होती."

"उकरताना पाहिलंस ना?"

"नाही."

पाटील चिडला. "साप खातो हा! मी..." दात मिटले. पुन्हा उघडले तेव्हा तो म्हणाला, "मी याला भात खाताना पाहिलंय. माझ्या हिरड्या सुजल्या तेव्हा हा आठ दिवस रोज घरी आला. मला पेज भरवली. मी झोपेपर्यंत बसून राहिला. मी त्याला नावही विचारलं नाही."

एकेकजण उठला. प्रत्येकाने काही वाईट बोलायला तोंड उघडलं आणि जेवढं पाहिलं होतं तेवढंच बाहेर पडलं. ते फार थोडं होतं. 

पाटलाने चावडीचं कुलूप काढलं. त्याने माफी मागितली नाही. दार उघडलं, बाजूला झाला आणि जमिनीकडे बघत राहिला. बाबाची दोन बोटं पुढे कधीच सरळ झाली नाहीत. दुकानाचं दार गावाने बसवून दिलं, पण कोणी हसत हसत नाही दिलं. मनं तिथेच होती, जिथे होती.

लान आणि बाबा थेट रानात गेली. परी वेणीतून उडाली आणि आईच्या मातीवर उतरली. तिचे पंख आता इतके लख्ख झाले होते, की बघवत नव्हतं. केशरी, शेंदरी, आणि मधोमध पांढरा, उकळत्या दुधासारखा.

"बाही परत घे," ती म्हणाली.

"तुला वाटेत थंडी वाजेल."

परी हसली. ऊन डोंगराच्या कडेवरून आत आलं, ते आधी परीत शिरलं आणि मग परीच ऊन झाली. लानने दिपलेले डोळे उघडले तेव्हा ती नव्हती. पण आईभोवतीची वाळलेली कारवी जमिनीपासून शेंड्यापर्यंत फुलली होती, जांभळी, निळी, पुन्हा जांभळी. आणि त्या फुलांत निळी बाही घडी घालून ठेवलेली होती.

मागे पालापाचोळा वाजला. काठी टेकत, धापा टाकत तान्हाक्का वर येत होती. तोंडात कवळी होती. सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती, कारण तिने काहीच पाहिलेलं नव्हतं. आता ती लानसमोर वाकली आणि तिचा चेहरा अगदी जवळून, नाकाला नाक लागेल इतका जवळून, बघत राहिली.

"डोळे आहेत की गं तुला," ती म्हणाली. "रडून रडून सुजलेत."

मग ती मातीपाशी बसली. निळी बाही उचलली, उलटीपालटी केली, बोटांनी सावरीचा कापूस चाचपला. आयुष्यभर गोधड्या शिवलेली बोटं ती.

"पातळ झालाय थर," तान्हाक्का म्हणाली. "इथल्या थंडीला हा पुरायचा नाही तिला. पुढच्या वर्षी मला बोलाव. कापूस मी भरीन."

परी सात वर्षांनी येते, मुलांनो. तोवर बघायचं काम आपल्यालाच करायचं आहे.