धामणीची ऊब

फार पूर्वीची गोष्ट. डोंगरापलीकडच्या एका गावात एक गारुडी वारला. मागे त्याची बायको उरली, आणि लांबट वेताच्या करंडीत त्याची म्हातारी धामण.

नवरा गेल्यापासून बाईने चूल पेटवली नव्हती. एकटीसाठी कशाला, म्हणून ती गूळ-दाण्यांवर राहायची. शेजारीण पूर्वी विस्तव मागायला यायची. थंड चुलीतून काय नेणार? तीही येईनाशी झाली.

मग थंडी पडली. धामण काठीसारखी ताठ झाली. नवऱ्याच्या हातचं तेवढंच जिवंत काही घरात उरलं होतं. बाईने त्याची गोधडी काढली आणि धामणीला तीत गुंडाळून ठेवलं. सकाळी पाहते तो धामण आणखीच गार.

घाबरून तिने शेजारणीकडून निखारे आणले आणि शेगडी करंडीखाली सरकवली. धामण तडफडली. पोटाची कातडी भाजली. बाईने शेगडी ओढून काढली आणि तिथेच बसून राहिली.

धामण हळूच म्हणाली, "बाई, मी काय भाकरी आहे, निखाऱ्यावर शेकायला?"

"मग गोधडीत का गारठलीस? ती त्यांची होती."

"गोधडी असलेली ऊब राखते. माझ्या अंगात स्वतःची ऊब नसतेच, ती राखणार काय? करंडीचं एक टोक चुलीशेजारच्या वैलाला लाव. दुसरं गारच राहू दे. हवं तेव्हा जवळ येईन, पुरे झालं की लांब जाईन."

"लांब गेलीस तर?"

"जाईन. पण करंडीतच असेन."

वैलाला स्वतःचा जाळ नसतो. चुलीच्या आचेवरच तो तापतो. तेव्हा रोज चूल पेटवणं आलं. पेटलेली चूल रिकामी ठेवणं बाईला बरं वाटेना. तिने एक भाकरी थापली.

धूर पाहून शेजारीण खापर घेऊन दारात आली.

"वहिनी, आमची विझली. विस्तव आहे का?"

बाईने निखारे दिले. शेजारीण उंबऱ्याशी थोडी टेकली, मग गेली. बाईने तिला थांबवलं नाही.

करंडीत धामण वैलापासून सरकून गार टोकाला गेली होती. पूर्वी बाईने तिला उचलून मांडीवर घेतलं असतं. आज तिने करंडीवर नुसता हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने भाकरी मोडली.

ज्याला ऊब द्यायची, त्याला दूर सरकायलाही जागा ठेवावी.