आम्ही नुसते मध्यस्थ

नाशकात वधू-वर सूचक मंडळ चालवणाऱ्या प्रमिलाताई खरवंडीकरांनी ॲपवरून टॅक्सी बोलावली. टॅक्सी दुभाजकावर चढली आणि ताईंचा पाय मोडला. भरपाईसाठी त्या ग्राहक आयोगात गेल्या, तर कंपनीचे वकील ऐटीत म्हणाले, "ड्रायव्हर आमचा नोकर नाही. आम्ही तुमच्यासारखेच, नुसते मध्यस्थ. जोडप्याचं पुढे बिनसलं, तर तुम्ही भरपाई देता का हो?"

ताईंनी प्लास्टरातला पाय सावरला.

"वकीलसाहेब, मी स्थळं दाखवते, पसंती लोक करतात. तुम्ही माणूस परस्पर ठरवलात, कुठल्या रस्त्याने जायचं तेही तुम्हीच सांगितलंत, वर त्याच्या रोजच्या कमाईत वाटा घेता. याला मध्यस्थ नाही, सासू म्हणतात!"

अध्यक्षांनी हसू दाबत निकाल दिला, "सासूबाईंनी सुनेचा दवाखान्याचा खर्च भरावा."