न आलेल्या पाण्याचा पुरावा

"पाणी आलंच नव्हतं म्हणतेस? मग न आलेल्या पाण्याचा पुरावा आण!" व्यंकटराव गरजले. "तोही या टॅबमधूनच! माणसाची साक्ष चालणार नाही. संध्याकाळपर्यंत दाखव, नाही तर सातही जणी बिऱ्हाडं उचला!"

पाचव्या मजल्याच्या नव्या स्लॅबला भेगा पडल्या होत्या आणि गयाबाई त्या भेगांकडे बघत उभी होती. स्लॅबला पाणी मारायचं काम तिचं आणि तिच्यासोबतच्या सहा जणींचं. तिचा नवरा गवंडी होता. तो म्हणायचा, नवा स्लॅब म्हणजे तान्हं पोर. पहिले दहा दिवस तहानलेलं राहिलं की जन्माचं किरकिरं होतं. तो जाऊन तीन वर्षं झाली, पण स्लॅब कोरडा ठेवायची तिची अजून छाती होत नसे.

झालं होतं ते असं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पंप बंद पडला तो चार दिवस बंदच राहिला. बायकांनी डोक्यावर घागरी घेऊन, पाच-पाच मजले चढून निम्मा स्लॅब भिजवला. उरलेला निम्मा तडकला.

पण टॅब तसं म्हणत नव्हता. व्यंकटराव म्हणजे गावातले सर्वांत मोठे बिल्डर. टॅब घेतल्यापासून त्यांनी भिंती बघणं सोडलं होतं. ते टॅब बघत. काम चोख झालं की त्यात हिरवी खूण, चुकलं की लाल. हिरवं दिसलं की मालक खूश, लाल दिसलं की मालकांचा आवाज तीन गल्ल्या पलीकडे! तपासणीचे सोनटक्के साहेब शहाणे होते. त्यांच्या कारकिर्दीत पाया हिरवा, विटा हिरव्या, गिलावा हिरवा. त्या दुष्काळी तालुक्यात एवढी हिरवळ दुसरीकडे कुठे नव्हती!

"मालक, रोज सकाळी नऊला चालू पंपाचा फोटो टाकलाय मी," सोनटक्के म्हणाले. "आणि हे ॲप जुना फोटो घेतच नाही. त्याच वेळी कॅमेऱ्यातून काढावा लागतो."

"ऐकलंस?" व्यंकटरावांनी टॅब गयाबाईपुढे धरला. "हा बघ पंप! ही बघ धार! चारही दिवस!"

गयाबाईला अक्षर येत नव्हतं. फोटोला अक्षर लागत नाही. ती बराच वेळ बघत राहिली.

"मालक, ह्यो जरा मोठा करता का?"

व्यंकटरावांनी बोटांनी फोटो मोठा केला.

"आता दुसऱ्या दिवसाचा. आता तिसऱ्या. चौथ्याचा बी दाखवा."

"फोटोच बघत बसणार आहेस का दिवसभर?" सोनटक्के करवादले.

"साहेब, तुम्ही चार दिवस काढले, मी चार घटका बघू नये का?" गयाबाईने पदर सावरला. "मालक, एक विचारते. टॅब कधीच खोटं बोलत नाही न्हवं?"

"कधीच नाही! माणूस बोलतो."

"मग तुम्ही तिरुपतीला गेलाच नव्हता."

मिक्सरवाल्याने मिक्सर थांबवला.

"काय बोलतेस? दसऱ्याच्या संध्याकाळी निघालो, सहा दिवस तिकडे होतो. काल नवस फेडून आलो, तुम्हाला लाडू वाटले! खाल्लास ना?"

"खाल्ला की. लाडू तिरुपतीचाच होता. पण टॅब म्हणतो, तुम्ही चारही दिवस हितंच होता. रोज सकाळी नऊला! ह्या कोपऱ्यात बघा. वाकून पंपाला कुंकू कोण लावतंय?"

व्यंकटरावांनी टॅब नाकाशी नेला. पंपावर झेंडूची टवटवीत माळ होती. कडेला वाकलेली पाठ, बोटात पुष्कराज आणि काळेभोर, तेल लावून चापून बसवलेले केस.

"हा तर... हा तर मी! खंडेनवमीची पूजा, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची!"

"पूजेचं ताट मीच धरलं होतं. साहेबांनी मोबाइलवर फोटो काढला. पुढे मोबाइलवरच्या त्या फोटोचाच रोज दुसऱ्या मोबाइलनं ताजा फोटो काढला असंल. ॲपला काय कळतंय! फोटोच्या कडेला मोबाइलची काळी किनार बी दिसतीय."

"तर्क आहेत हिचे!" सोनटक्क्यांचा आवाज चिरकला. "मालक, आदल्या-नंतरच्या तारखांचा काही घोळ..."

"घोळ कशाला? आत्ता मिटवू," गयाबाई म्हणाली. "मालक, ते हेल्मेट जरा काढता का?"

"काढू नका!" सोनटक्के ओरडले. "साइटवर हेल्मेट काढलं की ॲपमध्ये लाल येतं!"

व्यंकटरावांनी सोनटक्क्यांकडे पाहिलं. मग सावकाश हेल्मेट काढलं. नवस फेडलेलं गुळगुळीत डोकं दुपारच्या उन्हात कळशीसारखं चमकलं.

"आता सांगा मालक," गयाबाई म्हणाली. "टॅब खरा असंल, तर चारही दिवस तुमच्या डोक्यावर केस होते आणि देवाला तुम्ही टोपी घातली. आणि तुम्ही खरे असाल, तर पंप बंद होता. दोन्ही खरं कसं व्हायचं?"

व्यंकटरावांनी एका हातात टॅब धरला आणि दुसरा हात डोक्यावरून फिरवला. एकदा. दोनदा. मग त्यांना असं हसू फुटलं की परांचीवरचे कावळे उडाले.

"पकडलं मला! माझ्याच डोक्यानं पकडलं!" ते डोळे पुसत म्हणाले. "सोनटक्के, तडकलेला निम्मा स्लॅब फोडायचा आणि नव्यानं ओतायचा. त्याला दहा दिवस पाणी तुम्ही घालायचं. घागरीनं. प्रत्येक घागरीचा फोटो! गयाबाई, तुम्ही साती जणी कुठे जात नाही. आणि तुला काय हवं ते माग. हा टॅब घेतेस?"

"नको बाई! त्याला पाणी चालत नाही म्हणतात; माझा तर सगळा धंदाच पाण्याचा. मला जादाचा एक पंप द्या."

"दिला! उद्या सकाळी येईल. पूजा पण मीच करीन."

"करा की मालक, पण उद्याच करा," गयाबाईने घागर उचलली. "केस उगवायच्या आत! म्हणजे त्या फोटोची तारीख पुन्हा कुणाला विचारायला नको."