हरबानं राखलेलं बहुमत

एका गावाची महानगरपालिका झाली. गटारं तीच राहिली, डासही तेच राहिले, फक्त पाटी मोठी झाली. त्या चिलारपूर शहरात एक भोळा माणूस राहत होता. त्याचं नाव हरबा. वय चाळिशीच्या पुढचं, अंगानं दणकट, आणि सांगितलेलं काम अगदी सांगितल्यासारखं करणारा. सगळी गोची तिथंच होती.

हरबा आबासाहेब घुगरे यांच्या संपर्क कार्यालयात कामाला होता. सकाळी शटर उघडायचं, खुर्च्या मांडायच्या, येईल त्याला चहा द्यायचा. आबा नगरसेवक होते आणि यंदा त्यांना महापौर व्हायचं होतं. आता महापौर काही लोक निवडत नाहीत. लोक नगरसेवक निवडतात आणि नगरसेवक महापौर निवडतात. म्हणजे लोकांना पाच वर्षांतून एकदा सांभाळावं लागतं, नगरसेवकांना रोज.

निवडणूक लागली. आबांनी हरबाला बोलावलं.

"हरबा, तुझ्या गल्लीत नळ हवाय ना?"

"हवाय आबा. आमची जनाबाई टँकरमागं पळून पळून अर्धी झाली."

"मग लाग कामाला. घरोघरी जा. माणसं जमलेली दिसली की हात जोड, तोंडभर हस आणि म्हण, आबांना पुन्हा एकदा सेवेची संधी द्या."

हरबा निघाला. पहिल्याच गल्लीत एका दारासमोर ही गर्दी! हरबाला वाटलं, नशीब उघडलं. तो गर्दीत घुसला. तिथले म्हातारे मास्तर सकाळीच गेले होते आणि अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं. हरबानं मास्तरांच्या थोरल्या मुलासमोर हात जोडले. बत्तीशी दाखवली. खणखणीत आवाजात म्हणाला, "आबांना पुन्हा एकदा सेवेची संधी द्या!"

तिरडीचा एक बांबू जास्तीचा आणला होता. तो हरबाच्या पाठीवर कामी आला.

लंगडत तो ऑफिसात आला. आबांनी कपाळावर हात मारला.

"अरे, मयताच्या घरी हसतात का? तिथं मान खाली घालायची, डोळ्याला रुमाल लावायचा आणि म्हणायचं, फार वाईट झालं. शहराचं कधी न भरून येणारं नुकसान झालं."

"पण आबा, मयत आहे हे ओळखायचं कसं?"

"हारांचा ढीग असतो. मधे एक माणूस गप पडलेला असतो. भोवती सगळे त्याचे गुण गात असतात. त्यात काय ओळखायचंय?"

"चुकलंच आबा. पुढच्या वेळी तसंच करतो."

दोन दिवसांनी आबांची उमेदवारी जाहीर झाली. चौकात मांडव पडला. हरबा सतरंज्या घेऊन पोचला, तर स्टेजवर हारांचा ढीग. त्या ढिगात कानापर्यंत बुडालेले आबा. दुपारचं जेवण जड झाल्यामुळं आबा मागं रेलून डोळे मिटून गप बसले होते. आणि एक एक वक्ता येऊन त्यांचे गुण गात होता.

हरबाच्या काळजात चर्र झालं. तो स्टेजवर चढला, माइक धरला आणि डोळ्याला रुमाल लावला.

"फार वाईट झालं," तो हुंदका देत म्हणाला. "शहराचं कधी न भरून येणारं नुकसान झालं."

मग मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "एवढ्या भाषणांत हा एकटाच खरं बोलला." आणि टाळ्या पडल्या.

आबा हारांसकट उठले. "गाढवा, हा आनंदाचा प्रसंग होता! आपल्या वॉर्डातली माणसं जमून घोषणा द्यायला लागली की गुलाल उधळायचा, फटाक्यांची माळ लावायची आणि ओरडायचं, हे कुणामुळं झालं? आबांमुळं झालं!"

"चुकलंच आबा. पुढच्या वेळी तसंच करतो."

हरबा त्या दिवसापासून खिशात गुलाल आणि काखेत फटाक्यांची माळ घेऊनच हिंडू लागला. लवकरच संधी आली. वॉर्डातल्या सगळ्या बायका महापालिकेसमोर जमल्या होत्या. मुठी आवळून घोषणा चालल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर हंडा, आणि हंडा रिकामा. नळाला कित्येक दिवस थेंब नव्हता. जबाबदार कोण, ते मात्र बायकांना नीट कळत नव्हतं. अभियंता आयुक्तांकडं बोट दाखवत होता, आयुक्त पंपाकडं आणि पंपवाला आभाळाकडं.

तेवढ्यात माळ तडतडली. गुलालाचा लोट उठला. आणि हरबा बेंबीच्या देठापासून ओरडला, "हे कुणामुळं झालं?"

बायकांनी माना वळवल्या. त्यांनाही तेच विचारायचं होतं.

"आबांमुळं झालं!"

मोर्चा तिथूनच वळला. आबांच्या ऑफिसची एक काच धड राहिली नाही. जनाबाई मोर्चात सगळ्यांत पुढं होती. तिनं गुलालात माखलेल्या माणसाला आधी हंडा हाणला, मग हा आपलाच नवरा आहे हे बघितलं, आणि मग पुन्हा हाणला.

टेबलाखालून बाहेर येत आबा म्हणाले, "हरबा, ही माणसं चिडलेली होती रे! चिडलेली माणसं आली की वाद घालायचा नाही. मागतील त्याला हो म्हणायचं. तुमचं काम झालं समजा, हा आबांचा शब्द आहे, असं सांगायचं. माणसं निघून जातात."

"आणि काम?"

"ते मी बघतो ना. तू फक्त हो म्हण."

"चुकलंच आबा. पुढच्या वेळी तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी आबा प्रचाराला गेले असताना ऑफिसात शकुंतलाताई निमसे आल्या. त्या समोरच्या पक्षाच्या पुढारी. आबांच्या पक्षाचा गळ्यातला पट्टा जांभळा, त्यांचा पिवळा. ताई लालबुंद झाल्या होत्या.

"प्रचाराच्या शेवटच्या दिवसाचं मैदान आबांनी अडवून ठेवलंय. ते आम्हाला पाहिजे!"

माणूस चिडलेलं आहे, हे हरबानं ओळखलं. "तुमचं काम झालं समजा. आबांचा शब्द आहे."

ताई चपापल्या. "आणि मांडव?"

"झालं समजा."

"भोंगे, खुर्च्या?"

"तेही झालं समजा. जेवण पुरी-भाजीचं आहे. चालेल ना?"

शेवटच्या दिवशी आबा वाजतगाजत मैदानावर आले, तर त्यांच्या मांडवात, त्यांच्या माइकवर शकुंतलाताई बोलत होत्या, आणि पिवळे पट्टेवाले आबांच्या पुऱ्या खात होते.

"अरे, समोरचा आपला की त्यांचा हे तरी बघशील?" आबा घसा बसेपर्यंत ओरडले.

"तोंडावरून कळत नाही आबा. सगळे सारखेच हसतात."

"मग तोंड बघूच नको. गळ्यातला पट्टा बघ. जांभळा दिसला की आपला, त्याला आत घ्यायचं. पिवळा दिसला की त्यांचा, त्याच्या तोंडावर दार लावायचं. मग तो कुणी का असेना!"

"चुकलंच आबा. पुढच्या वेळी तसंच करतो."

मतदान झालं. निकाल लागला. एवढं सगळं होऊनही आबा निवडून आले आणि जांभळ्यांचा एक नगरसेवक जास्त आला. एकाचंच बहुमत. एक जरी फुटला, तरी खुर्ची गेली. आबांनी सगळे जांभळे नगरसेवक गाडीत घातले आणि शहराबाहेरच्या एका फार्महाऊसवर नेऊन ठेवले. मोबाइल काढून घेतले. खिडक्यांना गज होतेच. राहता राहिला राखणदार. ज्याला ठेवावं तो फुटायची भीती. मग आबांना हरबा आठवला. हरबाला कुणी फोडू शकत नव्हतं. फुटायला आधी काहीतरी कळावं लागतं.

"नीट ऐक," आबा म्हणाले. "एकदा आत आला तो आत. मी बाहेरून येऊन सोड म्हणेपर्यंत एकालाही सोडायचं नाही. आतला माणूस सांगेल आई आजारी आहे, सांगेल आबांनीच बोलावलंय, पाया पडेल, रडेल. आतल्याचं काही ऐकायचं नाही."

"नाही ऐकत आबा."

आता झालं असं, की जांभळ्या पक्षाला वरून निरोप आला, महापौर म्हणून एका बड्या कंत्राटदाराच्या पुतण्याला करा. तो पुतण्याही नगरसेवक म्हणून आतच कोंडलेला होता. आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तडक शकुंतलाताईंकडं गेले. ताई म्हणाल्या, "आमच्यात या, तुमचे नगरसेवक घेऊन या. मी अर्ज मागं घेते, महापौर तुम्ही." आबांनी जांभळा पट्टा काढला आणि पिवळा घातला. वीस वर्षांची निष्ठा बदलायला पट्टा बदलण्याइतकाच वेळ लागला.

महापौर निवडीच्या सकाळी आबांची गाडी फार्महाऊसवर आली. आबा उतरले. हरबानं पट्टा बघितला आणि धाडकन दार लावलं.

"अरे, मी आबा!"

"तोंड आबांचं आहे," हरबा फटीतून म्हणाला. "पण आबांनी तोंड बघू नको म्हणून सांगितलंय. तुम्ही त्यांचे."

आबांनी समजावलं, धमकावलं, हात जोडले. हरबा हलेना. सभेची वेळ जवळ येत चालली. शेवटी आबा गाडीकडं धावले. त्यांचा जुना जांभळा पट्टा घेऊन ड्रायव्हर काच पुसत होता. आबांनी तो हिसकावला, पिवळा खिशात कोंबला आणि तेलकट जांभळा गळ्यात घातला.

दार सताड उघडलं. "या आबा, या! केव्हाची वाट बघतोय. हे एक पिवळे येऊन फार त्रास देत होते."

आबा घाईनं आत शिरले. हरबानं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, बाहेर आला आणि कडी घालून कुलूप लावलं.

"हरबा! अरे, दार उघड! सगळ्यांना सोड!"

"आतल्याचं ऐकायचं नाही," हरबा म्हणाला. "आबा बाहेरून येऊन सांगणार आहेत."

"अरे, मीच आबा! मीच सांगतोय!"

"पण तुम्ही आत आहात ना."

आतून दारावर लाथा बसल्या. नगरसेवकांनी खुर्च्या आपटल्या. कंत्राटदाराचा पुतण्या पाया पडला, अगदी दाराच्या फटीतून दिसेल असा. ड्रायव्हर कुलूप तोडायला पुढं आला, पण त्याच्या गळ्यात कुठलाच पट्टा नव्हता आणि हरबाच्या हातात काठी होती.

तिकडं सभागृहात शकुंतलाताईंनी आबांची बराच वेळ वाट बघितली. मागं घ्यायचा अर्ज हातातच राहिला. समोरच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या. पिवळ्यांनी हात वर केले आणि ताई महापौर झाल्या.

शहराच्या बाजूनं फटाक्यांचा आवाज आला. आबांनी खिडकीचे गज धरले आणि ते मटकन खाली बसले.

"हरबा, गेली रे माझी खुर्ची! सगळं गेलं! आता तरी सोड."

त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून हरबाला फार वाईट वाटलं. त्यानं आपलं स्टूल खिडकीजवळ ओढलं, गजातून हात घालून आबांच्या पाठीवरून फिरवला आणि म्हणाला, "रडू नका आबा. आबा येतीलच एवढ्यात. आले की सगळ्यांत आधी तुम्हालाच सोडायला सांगतो."