किनाऱ्यावर किनारा

पार उत्तरेला, जिथे समुद्र वर्षातला बराच काळ गोठून पडलेला असतो, अशा एका मासेमारांच्या गावी एकदा एक वृद्ध आचार्य आणि त्यांचा शिष्य येऊन राहिले होते. तिथली जमीन म्हणजे बर्फाने सांधलेली माती. आतला बर्फ वितळला की काठ ढासळतो आणि लाटा तो घेऊन जातात. असा किती किनारा आजवर गेला, हे शोधण्याचे काम शिष्याकडे होते. त्यासाठी दोन छायाचित्रे होती. एक फार पूर्वी विमानातून टिपलेले, दुसरे याच उन्हाळ्यातले. जुन्याची पारदर्शक नक्कल नव्यावर ठेवायची आणि फरक पाहायचा.

गावातली एक मासेमार बाई या कामाकडे डोळे लावून बसली होती. तिच्या लेकीला दिवस गेले होते आणि घरासाठी लाकूड जहाजाने येऊन पडले होते. तिला घर हवे होते ते समुद्रासमोर, इतरांच्या रांगेत. ती रोज येऊन विचारी, "सांग ना बाबा, बांधू का तिथं?"

शिष्य हुशार होता, आणि हुशार माणसाला असते तेवढी घाईही त्याला होती. त्याने किनाऱ्याच्या रेषेवर किनाऱ्याची रेषा ठेवली. काय नेमकी बसली! घरांची रांगसुद्धा घरांच्या रांगेवर आली. मागची तळी आणि खडकाची टेकडी तेवढी जुळेनात, पण त्याने तिकडे फार लक्ष दिले नाही. बाहेर जाऊन त्याने सांगून टाकले, "काकू, किनारा तसूभरही हललेला नाही. खुशाल बांधा."

मग तो ऐटीत आचार्यांकडे गेला. त्यांनी दोन्ही चित्रे बराच वेळ न्याहाळली आणि कात्री मागितली. शिष्याने दिली. त्यांनी जुन्या चित्राच्या नकलेतून घरांसकट सगळा किनारा कापून बाजूला काढला.

शिष्य ओरडलाच. "गुरुजी! अहो, हे काय केलंत? किनाराच कापून टाकलात, आता मी बघू काय?"

"टेकडी आहे ना. खडकाची टेकडी. नव्या चित्रातल्या टेकडीवर जुनी टेकडी बसव."

त्याने चिडूनच बसवली. टेकडीवर टेकडी आली, आणि मघाशी हटून बसलेली तळी एकामागून एक आपापल्या जागी जाऊन बसली.

"आता कापलेला तुकडा जिथला होता तिथे जोड."

त्याने जोडला. तो अख्खा तुकडा पाण्यावर पडला होता. नुसता काठ नव्हे, घरांची रांगच्या रांग भर समुद्रात होती. त्याने तुकडा उचलून खाली पाहिले. लाटा होत्या, दुसरे काहीही नव्हते.

"गुरुजी, ही आताची घरं नव्हेत?" त्याने विचारले.

"नव्हेत. ती केव्हाच गेली. होडी दाराशी हवी, म्हणून हे लोक पिढ्यान्पिढ्या थोडे थोडे मागे सरले आणि पुन्हा काठावरच रांगेने राहिले. तळी जुळत नव्हती, तेव्हा तू काय समजलास?"

"इथली तळी आटतात, सरकतात, असं वाटलं. टेकडीचं म्हणाल तर... कॅमेरा तिरका असेल."

"म्हणजे तळी सरकली, टेकडी सरकली, कॅमेरा तिरका झाला, आणि समुद्र तेवढा जागचा हलला नाही! अरे, जो हलला का हे विचारायचं होतं, त्यालाच तू स्थिर धरलंस. मग तो हलला नाही, याखेरीज दुसरं उत्तर मिळेल कसं?"

बाहेरून ठोकण्याचा आवाज आला. शिष्य अनवाणीच धावत सुटला. काठावर बाई आणि तिचा जावई पहिला खांब रोवून मोकळे झाले होते, लेक लाकडांवर बसून बघत होती.

"थांबा, काकू! इथं नको!"

"अरे, पण तूच म्हणालास ना, खुशाल बांधा?"

"मी चुकलो. पूर्वीचं सगळं गाव तिकडं पाण्यात आहे, काकू. मी ते पाहिलंच नाही."

बाईने समुद्राकडे पाहिले, मग लेकीकडे.  ती म्हणाली, "मग बांधू तरी कुठं?"

शिष्याने या खेपेस चटकन उत्तर दिले नाही. समुद्राकडे पाठ करून तो टेकडीकडे बघत राहिला. "उद्या सांगतो. तिथून मोजत येतो," तो हळूच म्हणाला.

रोवलेला खांब काही उपटून निघेना, म्हणून तो तसाच सोडला. पुढच्या उन्हाळ्यात नवे छायाचित्र आले. त्यात बाईचे घर टेकडीच्या पायथ्याशी होते, अंगणात बाळाची दुपटी वाळत होती, आणि खांबाच्या जागी समुद्र होता.

आपण मात्र कुठल्याच टेकडीकडे न पाहता कालच्या स्वतःवर आजच्या स्वतःला ठेवून पाहतो, आणि काहीच हलले नाही म्हणून निर्धास्त होतो.