पानाखालची सात अंडी

एक होती मथुराक्का. तिची होती पोफळीची बाग.

एका श्रावणात काय झालं, आक्का बागेतला पातेरा, म्हणजे गळलेली पानं, ओढत होती. तर एका ओल्या पानाखाली सात अंडी. भिजल्या साबुदाण्यासारखी. तिला वाटलं, बेडकीण वेंधळीच दिसते, पाण्यात घालायची ती जमिनीवर घातली. मग तिनं ती अलगद उचलून तांब्यातल्या पाण्यात सोडली.

तर बरं का, तेवढ्यात मातीच्या रंगाचा एक बेडूक आला. अंगठ्याच्या नखाएवढा. तांब्याच्या काठावर चढला आणि चक्क बोलला, "आक्का, माझी पोरं बुडतायत."

"बेडकाची पोरं, आणि पाण्यात बुडतात?"

"बुडतात. तळ्यातले बेडूक वेगळे. आम्ही जमिनीवरचे."

आक्कानं पटकन तांब्यात हात घातला. तिनं अंडी परत पानाखाली ठेवली. जगतील का, ते बापालाही सांगता येईना. तीन दिवसांनी कळेल म्हणाला, आणि ओलं अंग टेकून त्यांच्यावर बसला.

पहिल्या दिवशी ऊन तापलं. पातेरा तर आक्कानंच ओढलेला. मग ती इरलं धरून दिवसभर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. मग तिनं झाडूच्या हिरानं एकेक मुंगी दूर केली. तिसऱ्या दिवशी कोंबड्या उकरायला आल्या. मग तिनं त्यांचं डालगं आणून पानावर पालथं घातलं. कोंबड्या बाहेर, बेडूक आत! बेडूक म्हणाला, वास तेवढा सोसत नाही.

दिवेलागण झाली. एक अंडं हललं. आतून बेडूकच आला. शेपटी नाही, काही नाही, चार पाय घेऊनच. मग दुसरा. मग तिसरा. असे सहा आले.

सातवं अंडं गप्प.

बेडूक म्हणाला, "आक्का, जा तू. जेवून घे."

आक्का काही गेली नाही. घरातून हाका आल्या, तरी नाही. दोघं तशीच बसून राहिली. किती वेळ, कोण जाणे.

आणि मग सातवं हललं. इवलासा पाय बाहेर आला. आक्कानं पदरानं डोळे पुसले.

तेव्हापासून ती पोफळीखालचा थोडा पातेरा तसाच ठेवते. त्यात ती सगळी सुखानं राहतात. श्रावण आला की बाप अंड्यांवर जागा बसतो, पोरं आत निवांत झोपतात.

तशी मीही बसल्येय इथं. मिटा डोळे.