हंसांच्या भाषेतली शाळा

फार पूर्वी एका माळावर पाखरांची शाळा होती. टिटवीबाई तिथे पिल्लांना माळाच्याच बोलीत शिकवायच्या. एकदा माळाचा राजा मोर दूरच्या सरोवरावर हंसांचा पाहुणचार घेऊन आला आणि त्याने हुकूम काढला, "उद्यापासून शाळेत फक्त हंसांची भाषा! आपली पोरं मागे राहता कामा नयेत."

बाईंनाही ती भाषा धड येत नव्हती. त्या आधी स्वतः घोकायच्या, मग पिल्लांकडून घोकून घ्यायच्या. एके सकाळी वरून ससाणा झेपावला. हुकमाच्या धाकाने बाई हंसांच्या भाषेत ओरडल्या, "लपा!" पिल्लांनी तो शब्द एका सुरात म्हणून दाखवला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. ससाण्याने ठिपकी नावाच्या तित्तराच्या पिल्लाचा पंख फाडला.

दुसऱ्या दिवशी सगळी पिल्लं शाळेकडे पाठ करून बसली. ठिपकी सर्वांत पुढे होती.

"आमच्या बोलीत शिकवा, नाहीतर आम्ही शिकणार नाही!"

मोर तावातावाने आला. त्याने हंसांच्या भाषेत लांबलचक भाषण केलं. कोणी हललं नाही. त्याने तेच भाषण पुन्हा केलं. एका पिल्लाने जांभई दिली. शेवटी वैतागून मोर माळाच्या बोलीत खेकसला, "अरे कार्ट्यांनो, किती घसा कोरडा करू? उठा म्हणतोय ना!"

सगळी पिल्लं ताडकन उठली.

"महाराज, हे समजलं," ठिपकी म्हणाली. "काल बाईंना असं ओरडता आलं असतं, तर माझा पंख शाबूत असता."

मोराने खाली वाकून तिचा फाटलेला पंख पाहिला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "यांना आधी लपायला शिकवा. यांना कळेल असं."